स्टेपर मोटर : वेगानुसार टॉर्क

स्टेपर मोटरला दिलेल्या प्रत्येक विद्युत् स्पंदागणिक तिचा दांडा ठरावीक कोनातून एक पायरी पुढे सरकतो. सर्वाधिक प्रचलित संकरित प्रकारात ही पायरी १.८ अंशांची असल्याने एका फेऱ्यास २०० पायऱ्या लागतात. अशा मोटरचा टॉर्क, म्हणजे दांडा फिरवण्याचा जोर, उभ्या अवस्थेत सर्वांत जास्त असतो आणि वेग वाढत जातो तसतसा घटतो. माहितीपत्रकात ठळकपणे छापलेला धारण-टॉर्क हा गुंडाळ्यांत पूर्ण प्रवाह असताना स्थिर दांड्याने पेललेला कमाल भार असतो, त्यामुळे मोटर फिरू लागल्यावर तो आकडा फारसा कामाचा उरत नाही.

घट होण्याचे मुख्य कारण गुंडाळीची प्रवर्तकता, म्हणजे प्रवाहातील बदलाला होणारा विरोध, हे आहे. उदाहरणादाखल २ ओहम रोध, ३ मिलिहेन्री प्रवर्तकता आणि १.५ अँपिअर प्रवाहाची मोटर घेतली, तर तिचे नाममात्र व्होल्टेज ३ व्होल्ट आणि कालांक, म्हणजे प्रवर्तकता भागिले रोध, १.५ मिलिसेकंद येतो. पूर्ण-पायरी पद्धतीत प्रत्येक गुंडाळीतील प्रवाह दर दोन पायऱ्यांनी उलटवावा लागतो. मिनिटाला ६० फेरे असताना त्यासाठी १० मिलिसेकंद मिळतात आणि प्रवाह जवळजवळ पूर्ण चढतो. ६०० फेऱ्यांना मात्र एकच मिलिसेकंद उरतो आणि ३ व्होल्टच्या पुरवठ्यावर प्रवाह अपेक्षित मूल्याच्या एक तृतीयांशापर्यंतही पोहोचत नाही. हीच मोटर २४ व्होल्टवर चालवल्यास प्रवाह पूर्ण उलटण्यास सुमारे ०.३८ मिलिसेकंद पुरतात. म्हणूनच ३ व्होल्टच्या मोटरला २४ किंवा ४८ व्होल्टचा पुरवठा देतात, जे नवख्याला चुकीचे वाटते. वस्तुतः चॉपर पद्धतीचा ड्रायव्हर पुरवठा वेगाने चालू-बंद करून प्रवाह ठरवलेल्या मर्यादेत ठेवतो, त्यामुळे वाढीव व्होल्टेजने उभ्या मोटरचा टॉर्क वाढत नाही, तर तो अधिक वेगापर्यंत टिकतो.

याशिवाय फिरणारा चुंबकीय रोटर गुंडाळीत वेगाच्या प्रमाणात विरोधी विद्युत् चालक बल निर्माण करतो आणि पुरवठ्याच्या व्होल्टेजपैकी प्रवाह चढवण्यास उरणारा भाग आणखी कमी होतो. वेगानुसार टॉर्क दाखवणाऱ्या आलेखावर टॉर्क झपाट्याने घटू लागतो त्या वळणबिंदूच्या पुढे मोटरची यांत्रिक शक्ती साधारण स्थिर राहते, म्हणजे वेग दुप्पट झाला की टॉर्क जवळपास निम्मा होतो. या पट्ट्यात गिअर लावून टॉर्क वाढवण्याचा लाभ बहुतांशी फसवा ठरतो, कारण गिअरने जेवढे मिळते तेवढे मोटरला अधिक वेगाने पळवण्यात जाते. आठ तारांच्या मोटरमध्ये अर्ध्या गुंडाळ्या समांतर जोडल्यास प्रवर्तकता एकसर जोडणीच्या एक चतुर्थांश होते आणि वरच्या वेगाला टॉर्क अधिक टिकतो, मात्र ड्रायव्हरला जास्त प्रवाह पुरवावा लागतो.

आलेखावर बहुधा दोन रेषा असतात. आतली रेषा मोटर कोणत्या भारासह कोणत्या वेगाला एकदम सुरू किंवा बंद करता येते ते दाखवते आणि तीवर भाराच्या जडत्वाचा मोठा परिणाम होतो. बाहेरची रेषा आधीच फिरत असलेली मोटर पायरी न चुकवता किती भार ओढू शकते ते सांगते. या दोहोंमधल्या पट्ट्यात जायचे, तर वेग टप्प्याटप्प्याने वाढवावा व तसाच उतरवावा लागतो. त्यातही काही ठरावीक वेगांना अनुस्पंदन होऊन, म्हणजे पायऱ्यांची लय रोटरच्या नैसर्गिक आंदोलनाशी जुळून, टॉर्क अचानक कोसळतो. मायक्रोस्टेपिंगने, अर्थात एका पायरीचे बारीक भाग पाडून, किंवा यांत्रिक अवमंदनाने हा दोष पुष्कळ कमी होतो.

भार बाहेरच्या रेषेपलीकडे गेला, की मोटर नुसती मंदावत नाही, तर पायऱ्या चुकवते किंवा थांबते, आणि स्थिती मोजणारा एन्कोडर नसल्यास नियंत्रकाला त्याचा पत्ता लागत नाही. सीएनसी यंत्रासाठी किंवा त्रिमितीय मुद्रकासाठी मोटर निवडताना म्हणून धारण-टॉर्कवर विसंबू नये. प्रत्यक्ष वापरायचे व्होल्टेज आणि ड्रायव्हर यांसह काढलेल्या आलेखात अपेक्षित वेगाला मिळणारा टॉर्क पाहावा आणि त्यातलाही बराचसा भाग राखीव सोडावा.