संकेतस्थळांचे समाईक साचे व मार्गदर्शक सूची

संकेतस्थळांचे समाईक साचे व मार्गदर्शक सूची : संकेतस्थळाच्या सर्व पृष्ठांवर सारखेच असणारे शीर्षभाग, तळभाग, विषयसूची इ. घटक एकाच ठिकाणी लिहून ठेवून प्रत्येक पृष्ठात आपोआप समाविष्ट करण्याची पद्धती. छापील ग्रंथात अनुक्रमणिका एकदाच येते. संकेतस्थळाचा वाचक मात्र कोणत्याही पृष्ठावर प्रथम उतरू शकतो. म्हणून सूची प्रत्येक पृष्ठावर द्यावी लागते. या पुनरावृत्तीतूनच साच्याची गरज उद्‌भवली.

जिनीव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रस्तावातून वर्ल्ड वाइड वेब निर्माण झाले. प्रारंभीची पृष्ठे म्हणजे हाताने लिहिलेल्या स्वतंत्र फायली होत. दोनशे पृष्ठांच्या स्थळावर सूचीत एक विषय वाढवावयाचा, तर दोनशे फायली दुरुस्त कराव्या लागत. एखादी नजरचुकीने राहिली, तर तेथे जुनीच सूची दिसत राही. १९९३ च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्राच्या सर्व्हरने यावर उपाय दिला. पृष्ठातील विशिष्ट आज्ञेच्या जागी सर्व्हर दुसऱ्या फायलीतील मजकूर घालून मगच ते पृष्ठ वाचकाकडे पाठवीत असे.

नेटस्केप नॅव्हिगेटर २·० या ब्राउझरने (१९९६) फ्रेम ही वेगळी वाट रूढ केली. पडद्याच्या एका खणात सूची स्थिर राही व दुसऱ्यात मजकूर बदले. तथापि आतील पृष्ठ बदलले, तरी वर दिसणारा पत्ता तोच राही. त्यामुळे त्या पृष्ठाचा नेमका दुवा देणे कठीण होई आणि शोधयंत्रातून आलेल्या वाचकापुढे सूचीविना सुटे पृष्ठ येई. या दोषांमुळे फ्रेम मागे पडल्या व एचटीएमएल ५ (२०१४) या प्रमाणकात त्या कालबाह्य ठरल्या.

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साधनांतून पीएचपी ही भाषा विकसित झाली. तिच्या ‘इन्क्लूड’ आज्ञेमुळे समाविष्ट फाईल केवळ मजकूर न राहता कार्यक्रमही बनली. सूची विदागारातून तयार करणे, चालू पृष्ठाचे नाव ठळक दाखविणे या गोष्टी तिने साध्य झाल्या. परंतु शीर्षभागात उघडलेली खूण तळभागात बंद होत असल्याने एक फाईल विसरली, तरी पृष्ठाची मांडणी बिघडे. साच्यांच्या वारशाने ही अडचण दूर केली. यात मूळ साचा संपूर्ण असून त्यात रिकाम्या जागा ठेवतात. प्रत्येक पृष्ठ फक्त त्या जागा भरते. कॅनझस राज्यातील लॉरेन्स येथील वृत्तपत्रात तयार झालेल्या व २००५ मध्ये खुल्या केलेल्या जँगो या चौकटीत ही रचना आहे. त्याच वर्षीच्या एएसपी डॉट नेट २·० मधील ‘मास्टर पेज’ याच तत्त्वावर आधारलेले होते. वर्डप्रेसने (२००३) साचे सामान्य लेखकांच्या हाती दिले व २०१० मधील ३·० आवृत्तीपासून सूची स्वतः रचण्याची सोयही केली. मराठी विकिपीडियावर अशा समाविष्ट पृष्ठांना ‘साचा’ हीच संज्ञा रूढ आहे.

केंद्रीकरणाबरोबर धोकाही केंद्रित होतो. समाईक फायलीतील एका चुकीने सबंध स्थळ बंद पडू शकते. फायलीचे नाव वाचकाने दिलेल्या पत्त्यातून न तपासता घेतल्यास परका कार्यक्रम सर्व्हरवर चालविता येतो. असे हल्ले वाढल्यामुळे पीएचपी ५·२ (२००६) मध्ये दूरस्थ फाईल समाविष्ट करण्याची मुभा मुळातच बंद ठेवण्यात आली.

पुनरावृत्तीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. डोळस वाचक सूची ओलांडून थेट मजकुराकडे वळतो. पडदावाचकाच्या साहाय्याने ऐकणाऱ्या अंध वाचकाला तीच सूची दर पृष्ठावर पुन्हा ऐकावी लागते. म्हणून डब्ल्यूसीएजी २·० (२००८) या सुगम्यतेच्या निकषांत सूचीचा क्रम सर्वत्र सारखा असावा व ती वगळण्याची सोय असावी, असे सांगितले आहे. एचटीएमएल ५ मधील ‘नॅव्ह’ या खुणेमुळे सूची कोठे आहे हे पडदावाचकालाही ओळखता येते. साचा एकच असल्याने अशी सुधारणा एकदा केली, की ती सर्व पृष्ठांवर लागू होते. आणि ती राहून गेली, तर तो दोषही प्रत्येक पृष्ठावर पोहोचतो.