एकच 'कैरा', किती कान

मागच्या महिन्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी एक तुकडा टाकला. गाणं नाही म्हणता येणार, कारण नुसतं वाजवणं आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचे दोन वादक, कोरावर तुमानी दियाबाते आणि गिटारवर अली फार्का तूरे. 2005 साली आलेल्या त्यांच्या 'इन द हार्ट ऑफ द मून' या अल्बममधला 'कैरा'.

प्रतिक्रिया बघा. एकानं लिहिलं, "संतूर मस्त आहे." एका मैत्रिणीनं लिहिलं, "आमच्या पार्लरमध्ये हेच लावतात." एकाला पाच मिनिटांत झोप लागली आणि त्यानं ते कौतुक म्हणून कळवलं. लहानपणी तबला शिकलेला एक जण दोनदा ऐकून म्हणाला, "अरे, सम सापडत नाहीये." (ही दाद मला सगळ्यात आवडली. निदान शोधली तरी.) आणि एकानं सरळ विचारलं, "यात पुढे काही होतं का?"

शेवटी आमच्या ग्रुपवर नेहमी येतं ते वाक्य आलंच: संगीताला भाषा नसते. सगळ्यांनी हात जोडले, विषय संपला.

माझा संपला नाही. आमच्या शेजारच्या इमारतीत मालीचा एक विद्यार्थी भाड्यानं राहतो. जिन्यात भेटला तेव्हा त्याला मोबाइलवर तोच 'कैरा' ऐकवला. दोन सेकंदांत ओळखलं. हसला आणि म्हणाला, "अंकल, हे लागलं की माझा हात आपोआप खिशाकडे जातो." म्हणजे? म्हणाला, "आमच्याकडे लग्नात, बारशाला जेली येतात. ते वाजवतात, तुमच्या खापरपणजोबांचं नाव घेतात. मग नोटा काढाव्याच लागतात. नाही काढल्या तर अब्रू जाते."

तेच वाद्य, तेच सूर. आमच्या पार्लरमध्ये झोप येते, त्याच्या घरी पाकीट रिकामं होतं. तेव्हापासून थोडं वाचत होतो, ते आज सविस्तर लिहितो.

आधी कोरा. अर्धा कापलेला मोठा भोपळा, त्यावर गाईचं कातडं ताणलेलं, आरपार लाकडी दांडा आणि 21 तारा. पूर्वी तारा कातड्याच्या असत, आता मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याच्या असतात. वाजवणारा वाद्य स्वतःकडे तोंड करून धरतो आणि दोन अंगठे, दोन तर्जन्या एवढ्या चार बोटांवर सगळं चालतं. अंगठे खर्जाचा आणि साथीचा भाग फिरवत ठेवतात. ती एक ठरलेली आवर्तनं असतात, आपल्याकडे कथकच्या मागे हार्मोनियमवर लेहरा चालतो तशी. तर्जन्या मधूनच त्यावरून धबधब्यासारख्या खाली येतात. 'पुढे काही होतं का' विचारणाऱ्या मित्राला एवढंच सांगेन, लेहराही पुढे जात नाही. त्यावर काय घडतं ते ऐकायचं असतं.

आता वाजवणारे. मांदे लोकांमध्ये (माली, गिनी, गांबिया, सेनेगल या पट्ट्यात) कोरा वाजवणं हे जन्मानं ठरतं. जेली ही वेगळी जमात, फ्रेंच त्यांना ग्रिओ म्हणत. दियाबाते, कुयाते, सिसोको ही आडनावं ऐकली की घराणं कळतं. वंशावळी तोंडपाठ ठेवायच्या, लग्नं जमवायची, भांडणं मिटवायची, तेराव्या शतकातल्या सुन्दियाता केइता या राज्यकर्त्याची कथा सांगायची, हे त्यांचं काम. आपल्याकडचा वही बाळगणारा भाट आणि रात्र जागवणारा गोंधळी एकत्र केला तर थोडी कल्पना येईल. मान मोठा, लोक वचकूनही असत, पण पूर्वापार उच्च कुळं त्यांच्याशी सोयरीक करत नसत. हे समजायला आपल्याला तरी फार कष्ट पडू नयेत.

उलटंही खरं. सालिफ केइता हा मालीचा जगप्रसिद्ध गायक थेट सुन्दियाताच्या आडनावाचा. उच्च कुळातल्या मुलानं गायचं? घरच्यांना ती नामुष्की वाटली. जगाला ज्या आवाजाचं वेड लागलं, त्याच आवाजाची घरी लाज वाटत होती.

अठराव्या शतकाच्या शेवटी मंगो पार्क हा स्कॉटिश प्रवासी या भागात फिरला. 1799 च्या पुस्तकात त्यानं इथल्या वाद्यांची यादी दिली आहे, तीत 'कोरो' नावाची 18 तारांची मोठी हार्प आहे. यादीतली एक ओळ, बस्स. वाद्य दिसलं, तारा मोजल्या, पुढे चालू लागला. आमच्या ग्रुपवरच्या संतूरवाल्यावर रागवायचं कशाला!

आणि आता 'कैरा'. तुमानीचे वडील सिदिकी दियाबाते कोराचे मोठे उस्ताद. 1940 च्या दशकात, फ्रेंचांचं राज्य असताना, 'कैरा' नावाची तरुणांची चळवळ उभी राहिली आणि सिदिकी तिच्यात पुढे होते. कैरा म्हणजे शांती, आनंद. नाव गोड, पण सरकारला ते गोड लागलं नाही. तुमानीनं सांगितलंय की राज्यकर्त्यांना ही चळवळ धोक्याची वाटे, वडिलांना पुन्हा पुन्हा तुरुंगात टाकत, आणि लोकांचं प्रेम एवढं की पुन्हा पुन्हा सोडावंही लागे.

म्हणजे ज्या तुकड्यावर आमचा मित्र झोपला, त्या नावाची फ्रेंच साहेबाला झोप उडवणारी धास्ती होती. श्रोता म्हणून त्या साहेबाचा कान आमच्यापेक्षा तिखट म्हणायचा. त्याला निदान कळलं होतं की यात काहीतरी बोललं जातंय.

तुमानीनं 1988 मध्ये एकट्या कोराचा पहिला अल्बम काढला, त्याचं नाव 'कैरा'च ठेवलं. पुढे तीच धून अली फार्काबरोबर बामाकोच्या हॉटेलात, नायजर नदीच्या काठी, फारशी तालीम न करता पुन्हा वाजवली. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं.

अली फार्काची गोष्ट आणखी वेगळी. तो जेली नव्हता. उत्तरेकडच्या नियाफुंके गावचा, उच्च कुळातला. आधी एकतारी गुर्केल वाजवायचा. 1956 मध्ये गिनीच्या केइता फोदेबाचं गिटारवादन ऐकलं आणि ठरवलं की हेच. स्वतःची पहिली गिटार घेतली ती 1968 मध्ये, बल्गेरियात सोफियाला. त्याच सुमारास अमेरिकन ब्लूजवाला जॉन ली हूकर ऐकला आणि त्याला वाटलं, हे तर आमच्याकडचंच आहे! पुढे युरोप-अमेरिकेतल्या समीक्षकांनी त्यालाच 'आफ्रिकेचा जॉन ली हूकर' म्हणायला सुरुवात केली. तो वैतागायचा. त्याचं म्हणणं साधं होतं: मुळं आणि खोड आमच्याकडे आहे, तुमच्याकडे फांद्या आणि पानं. बापाला मुलाच्या नावानं ओळखायचं, हा काय न्याय?

अमेरिकन गिटारवादक राय कूडरनं आधी आपल्या विश्वमोहन भट्टांबरोबर अल्बम केला आणि त्यानंतर लगेच अलीबरोबर 'टॉकिंग टिंबक्टू'. लागोपाठ दोन्हींना ग्रॅमी. पण अली स्वतःला शेतकरी म्हणवून घ्यायचा. मिळालेला पैसा गावच्या पाण्यात घातला, पंप बसवले, पुढे गावचा महापौर झाला. त्याच्या गाण्यांत शेती आहे, नदी आहे, कामाचा आग्रह आहे. आपण ऐकतो 'वाळवंटाचा गूढ सूर'. नियाफुंकेचा माणूस ऐकतो, उठ, पाणी सोड!

गिनीत तर गिटार सरकारदरबारी बसली. 1958 च्या स्वातंत्र्यानंतर सेकू तूरेच्या सरकारनं वाद्यवृंद पगारावर ठेवले. त्यातल्या बेंबेया जाझनं फ्रेंचांशी लढलेल्या सामोरी तूरेवर लांबलचक कथा रचली, इलेक्ट्रिक गिटारवरचा पोवाडाच तो. राष्ट्राध्यक्ष स्वतःला सामोरीचा पणतू सांगत, तेव्हा पोवाडा कोणासाठी होता हे वेगळं सांगायला नको. पण वाजवलंय मात्र जबरदस्त. स्तुतीच्या पैशावरही चांगलं संगीत होतं, हे मान्य करायला मला जरा जड जातं.

आणि आपण? आपण हे संगीत ऐकलंच नाही असं कुठंय! गिनीच्या जेली घराण्यातल्या मोरी कान्तेनं कोराला विजेची जोड देऊन 1987 मध्ये 'अक्वाबा बीच' काढला. त्यातलं 'येके येके' युरोपभर गाजलं, दहा लाखांवर खपलं. त्याच अल्बममधल्या चाली मुंबईत आल्या आणि त्यांचं झालं 'तम्मा तम्मा' (1990) आणि 'जुम्मा चुम्मा' (1991). गणपतीच्या मिरवणुकीत आपण ज्यावर घाम गाळला, ते एका जेलीचं देणं होतं. मोरी कान्ते 2020 मध्ये गेला. त्या दिवशी आपल्यापैकी किती जणांना नाव माहीत होतं? मलाही नव्हतं.

सगळ्यात वाईट श्रोता 2012 मध्ये आला. उत्तर माली सशस्त्र जिहादी गटांनी ताब्यात घेतला आणि संगीतावर बंदी घातली. रेडिओवरचं संगीत बंद, मोबाइलची रिंगटोनसुद्धा गुन्हा. वाद्यं जाळली. वादक दक्षिणेला बामाकोत पळाले. त्यातल्याच काही पोरांनी तिथं 'साँगहाय ब्लूज' नावाचा बँड काढला आणि पहिल्या अल्बमचं नाव ठेवलं 'म्युझिक इन एक्झाइल'. नियाफुंकेही त्याच पट्ट्यात येतं. अली 2006 मध्येच गेला होता, त्याला हे बघावं लागलं नाही. तुमानी 2024 च्या जुलैत गेला.

हे सगळं मी परवा त्या विद्यार्थ्याला सांगत होतो. म्हणजे मालीच्या माणसाला मालीबद्दल! बिचाऱ्यानं ऐकून घेतलं. 2012 मध्ये तो शाळेत होता, बामाकोला. त्यांच्याकडे उत्तरेतले नातेवाईक आले होते. आठ महिने एका खोलीत नऊ माणसं, एवढंच म्हणाला. मी मोबाइलवर 'कैरा' पुन्हा लावला. आम्ही पायरीवर बसून पूर्ण ऐकला.

संपल्यावर त्यानं हात पुढे केला. मी हात मिळवायला गेलो, तर म्हणाला, "नाही अंकल. एवढं ऐकलंत, आता काहीतरी द्या."

मी खिसा चाचपला. पाकीट वर घरी राहिलं होतं.