डिसअसेंब्लर
डिसअसेंब्लर : संगणकाच्या यंत्रभाषेतील आज्ञांचे माणसाला वाचता येतील अशा असेंब्ली भाषेतील आज्ञांत रूपांतर करणारा कार्यक्रम. कंपायलर मूळ मजकुराचे यंत्रभाषेत भाषांतर करतो, तेव्हा त्यातील टीपा आणि बहुधा चलांची नावे नाहीशी होतात; उरतो तो केवळ बाइटांचा क्रम. डिसअसेंब्लर प्रत्येक आज्ञेचा पत्ता, तिचे बाइट व सांकेतिक नाव ओळीने मांडतो. उदा., इंटेल ८०८६ व तिच्या वंशातील प्रक्रियकांत षोडशमान पद्धतीतील ‘सी३’ हा बाइट उपकार्यक्रमातून परतण्याची आज्ञा होय. या वंशाच्या आजच्या प्रक्रियकांत आज्ञेची लांबी १ ते १५ बाइट असू शकते. त्यामुळे वाचनाची सुरुवात एका बाइटाने जरी चुकली, तरी पुढे भलत्याच आज्ञा दिसू लागतात. तसेच आज्ञा कोणती व आधारसामग्री कोणती, हे नेहमीच निश्चित सांगता येत नाही.

युनिक्स प्रणालीच्या सातव्या आवृत्तीतील (१९७९) ‘एडीबी’ या दोषशोधकाला हुकूम टंकित करून यंत्रभाषेतील आज्ञा पाहता येत. पुढे ग्नू प्रकल्पातील ‘ऑब्जडंप’ हे साधन त्याच कामासाठी सर्वत्र रूढ झाले. १९८३ मध्ये केन टॉम्पसन यांनी ट्यूरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात अशा वाचनाचे महत्त्व अप्रत्यक्षपणे दाखवून दिले. मूळ मजकुरात कोणतीही खूण न ठेवता कंपायलर प्रवेश-कार्यक्रमात चोरवाट घालू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. मूळ मजकूर निर्दोष असला, तरी संगणक प्रत्यक्षात चालवितो ती संकलित फाइलच होय.

या विद्येची मोठी कसोटी २ नोव्हेंबर १९८८ रोजी लागली. रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्याने सोडलेला ‘कृमी’ कार्यक्रम इंटरनेटवरील व्हॅक्स व सन-३ संगणकांत पसरला. त्याचा ९९ ओळींचा लहान भागच तेवढा सी भाषेत होता. मुख्य भाग संकलित स्वरूपात येई. त्यातील शब्द प्रत्येक बाइटावर षोडशमान ८१ या संख्येने ‘एक्सऑर’ क्रिया करून लपविलेले होते. तो फाइली नष्ट करील काय, ही व्यवस्थापकांची मुख्य चिंता होती. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ व मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्था येथील गटांनी अहोरात्र खपून आज्ञांवरून मूळ रचना पुन्हा उभी केली. फाइली पुसणारा भाग त्यात नाही, हे निश्चित झाले. दुसरी प्रत आढळल्यावरही सातांपैकी एका वेळी प्रत चालूच राहील अशी योजना त्यात होती. संगणक मंदावण्याचे हे एक प्रमुख कारण ठरले. कृमीने वापरलेल्या त्रुटी बुजविण्याच्या कामासही या वाचनाचा आधार मिळाला.

परक्याचा कार्यक्रम असा वाचणे विधिसंमत आहे काय, हा प्रश्नही उपस्थित झाला. सेगा विरुद्ध अकोलेड या खटल्यात (१९९२) अमेरिकेच्या नवव्या मंडलाच्या अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की, संरक्षणाबाहेरील कार्यात्मक भाग समजून घेण्याचा दुसरा मार्ग नसेल आणि हेतू रास्त असेल, तर असे वाचन न्याय्य वापर ठरते. भारतात १९९९ च्या दुरुस्तीने प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अशीच तरतूद करण्यात आली. कार्यक्रमाचा कायदेशीर ताबा असणाऱ्यास, स्वतंत्रपणे रचलेला कार्यक्रम इतरांशी जुळवून चालविण्यासाठी लागणारी माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसेल, तर ती मिळविण्याची मुभा तीनुसार आहे.