श्रम, उष्णता आणि विश्रांती : मल्टिपल स्क्लेरोसिसमधील व्यायामविचाराचा इतिहास

मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराचे पहिले व्यवस्थित वर्णन 1868 साली पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को याने केले. मेंदू व मज्जारज्जू यांतील तंतूंचे आवरण जागोजागी नष्ट होऊन तेथे कठीण चट्टे पडतात. त्यावरून त्याने 'चट्ट्यांचे काठिण्य' या अर्थाचे फ्रेंच नाव योजिले. पुढे 1890 मध्ये जर्मन नेत्रवैद्य ऊटहोफ याला असे आढळले की, काही रुग्णांची दृष्टी श्रमानंतर मंदावते व विश्रांतीनंतर पूर्ववत होते. त्याने कारण मानले ते श्रमाला. वस्तुतः कारण होते शरीराची वाढलेली उष्णता. आवरण गमावलेल्या तंतूतून संदेश जेमतेम वाहतो. तापमान किंचित चढताच तो खुंटतो, अंग निवताच पुन्हा वाहू लागतो. यात नवी इजा होत नाही. कढत पाण्याच्या स्नानानेही तीच लक्षणे उमटतात; विसाव्या शतकाच्या मध्यास निदानासाठी अशी स्नानपरीक्षा रूढ होती. तथापि रुग्णाला सल्ला मिळत राहिला तो विश्रांतीचाच. परिणामी, विकाराने न नेलेले बळ निष्क्रियतेने नेले.

हा समज 1996 साली ढळला. अमेरिकेतील यूटा विद्यापीठात पेटाजान व सहकाऱ्यांनी 54 रुग्णांवर केलेला प्रयोग त्या वर्षी प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा, असे 15 आठवडे, हातापायांनी फिरविण्याच्या यंत्रावर व्यायाम करणाऱ्यांची क्षमता वाढली. विकार मात्र बळावला नाही.

महाराष्ट्रात या रुग्णांसाठी 1985 साली मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने या विकारास मान्यता दिली. सावित्रीच्या खोऱ्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांना वरील इतिहासाचा अर्थ विशेष लागू पडतो. तेथील दमट उन्हाळ्यात घाम वाळत नाही, अंग निवत नाही. दुपारी लटपटणारे पाय पहाटे सावरतात. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरच्या थंड हवेत गेल्यावरही कदाचित सावरतील. पहिल्या अवस्थेस विकाराची वाढ व दुसरीस त्याची माघार समजणे, ही ऊटहोफच्याच गैरसमजाची पुनरावृत्ती होय. म्हणून व्यायाम सोडावयाचा नसून त्याची वेळ बदलावयाची : उजाडता उजाडता, मध्ये विसावा घेत, गार पाणी व ओला पंचा जवळ ठेवून, वैद्याच्या सल्ल्याने.

व्यायाम निम्म्या शक्तीनेच करावा, हा सुश्रुताचा दंडक येथे आठवतो. मराठीतील 'कसरत' व 'तालीम' हे दोन्ही शब्द अरबीतून आले. पहिल्याचा मूळ अर्थ विपुलता, दुसऱ्याचा शिक्षण. या रुग्णास हवी असते ती तालीम.