उच्छ्वास ते चावी : महाराष्ट्रातील नळपाणीपुरवठ्यात दाब-नियमन व देखभालीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील पाणीपुरवठ्याचा इतिहास बहुधा धरणे, तलाव आणि ते बांधणारे राज्यकर्ते वा अभियंते यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. स्रोतापासून घरापर्यंतच्या वाटेवर पाण्याचा दाब आणि प्रवाह कशाने आवरला जातो, हा प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहिला. दाब आवरण्याचे साधन बदलले की देखभालीचे स्वरूपही बदलते आणि पाणीवाटपाची सत्ता वेगळ्या हाती जाते, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

बांधकामातून साधलेले नियमन

उंचीतील दर १० मीटर फरकामागे बंद नळातील पाण्याचा दाब प्रति चौरस सेंटीमीटर सुमारे १ किलोने वाढतो. खापरी नळ असा वाढता दाब सोसू शकत नाहीत. त्यांचे सांधे उकलतात. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात खडकी येथे (पुढचे औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) जी नहर बांधली, तिच्या मार्गावरील मनोऱ्यांचे महत्त्व यावरून ध्यानी येते. पाणी मनोऱ्यात वर चढे, तेथे ते उघड्या हवेच्या संपर्कात येई, कोंडलेली हवा निघून जाई आणि पुढील टप्प्यातील दाब त्या मनोऱ्यातील पाण्याच्या उंचीपुरताच उरे. अशाच उंचीचा उपयोग करून पुढे पाणचक्कीचे जाते फिरविले गेले.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, इ.स. १७५० च्या सुमारास, कात्रजहून शनिवारवाड्यापर्यंत आणलेल्या दगडी नळावरही ठिकठिकाणी उच्छ्वास होते. त्यांतून हवा बाहेर पडे आणि नळात उतरून गाळ उपसता येई. या दोन्ही योजनांत रोज फिरवावा लागेल असा भाग जवळजवळ नव्हता. नियमन बांधकामातच अंतर्भूत होते. देखभाल म्हणजे मुख्यतः गाळ काढणे आणि दरजा भरणे. मर्यादाही तितकीच स्पष्ट होती. पाणी हौदापर्यंत येई. तेथून घरी नेण्याचे श्रम माणसालाच करावे लागत.

लोखंडी नळ आणि झडपेची निवड

१८५४ च्या टंचाईनंतर मुंबईत विहार तलावाच्या योजनेला गती मिळाली. हेन्री कॉनिबेअर यांच्या आराखड्यानुसार १८६० मध्ये ती पूर्ण झाली. त्यानंतर तुळशी (१८७९), तानसा (१८९२) आणि वैतरणा (१९५७) या योजनांची भर पडली. बिडाचा नळ दाब सोसत असल्याने उघड्या मनोऱ्यांची गरज उरली नाही. मात्र बांधकामाने केलेले काम आता हलत्या झडपांकडे आले.

झडपेची निवड तिच्या कामावरून ठरते. नळाचा भाग तोडण्यासाठी स्लूस व्हॉल्व्ह, उंचवट्यावर हवा सोडण्यासाठी एअर व्हॉल्व्ह, सखल जागी गाळ काढण्यासाठी स्कावर व्हॉल्व्ह, पंपाजवळ पाणी उलटू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, असा सर्वसाधारण क्रम आहे. पैकी स्लूस व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठी असतो. तो अर्धवट उघडा ठेवल्यास पाते थरथरते, बैठक झिजते आणि पुढे झडप घट्ट बसत नाही. ती एकाएकी बंद करणेही घातक ठरते. मॉस्कोच्या जलवाहिन्यांवरील प्रयोगांवरून निकोलाय झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये या आघाताचे गणित मांडले. सेकंदाला १ मीटर वेगाने वाहणारे पाणी लोखंडी नळात अकस्मात थांबविल्यास सुमारे १०० मीटर उंचीच्या जलस्तंभाइतका जादा दाब निर्माण होतो.

चावीवाला आणि पाळीचे पाणी

मुंबईसह अनेक शहरांत पाणी चोवीस तास न देता विभागवार, ठरावीक वेळी देण्याची पद्धत रूढ झाली. त्यामुळे दुरुस्तीपुरती क्वचित फिरवायची झडप दररोज फिरू लागली. हे काम करणाऱ्या कर्मचाऱ्यास मुंबईत चावीवाला म्हणतात. कोणती चावी किती आटे उघडली म्हणजे चढावरील वस्तीत पाणी चढते, हे ज्ञान नकाशापेक्षा त्याच्या अनुभवात अधिक असते. निखिल आनंद यांच्या ‘हायड्रॉलिक सिटी’ (२०१७) या मुंबईविषयक अभ्यासग्रंथातही अशा कर्मचाऱ्यांच्या व्यवहारज्ञानाचे महत्त्व अधोरेखित झाले आहे.

या पद्धतीची किंमत दुहेरी आहे. रोजच्या वापराने दांड्याचे आटे, पॅकिंग आणि बैठक लवकर झिजतात. दुसरे असे की, पुरवठा थांबल्यावर नळातील दाब उतरतो आणि भोवतालच्या ओल्या जमिनीतील दूषित पाणी फुटक्या सांध्यांतून आत शिरू शकते. अशा रीतीने झडपेच्या देखभालीचा प्रश्न थेट सार्वजनिक आरोग्याशी येऊन भिडतो.

निष्कर्ष

मनोरा आणि उच्छ्वास यांनी नियमन दगडात बांधून ठेवले होते. लोखंडी नळाने ते झडपेच्या व ती फिरविणाऱ्याच्या हाती दिले. त्यामुळे पाणी घराघरांत पोहोचले, परंतु कोणाला किती वेळ मिळावे याचा निर्णय रोज नव्याने घेण्याजोगा झाला. नव्या योजनेच्या कोनशिलेवर नाव कोरले जाते. झिजलेले पॅकिंग वेळीच बदलणाऱ्याची नोंद फार तर दुरुस्तीच्या वहीत राहते. नगरपालिकांच्या दप्तरांतील अशा वह्यांना साधन म्हणून स्थान दिल्याखेरीज नागरी पाणीपुरवठ्याचा इतिहास पूर्ण होणार नाही.