काळा स्वातंत्र्यदिन

पुण्याहून निघणाऱ्या ‘साधना’ साप्ताहिकाच्या १५ ऑगस्ट १९७२ च्या विशेषांकात प्रसिद्ध झालेला राजा ढाले (१९४०–२०१९) यांचा लेख, व त्याच्या अनुषंगाने महाराष्ट्रात उद्भवलेला वाद. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त दलित तरुणांना या पंचवीस वर्षांत काय लाभले हे त्यांच्याच लेखणीतून वदवून घ्यावे, अशी या अंकाची योजना होती. संपादक यदुनाथ थत्ते हे होते, आणि अंकाची सिद्धता अनिल अवचट यांनी केली होती. ज्या साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केले, त्यांनीच पुढील वर्षी स्थापिलेल्या साप्ताहिकाने हे निमंत्रण द्यावे, हे त्याच्या परंपरेस साजेसेच होते.

लेखाची पार्श्वभूमी ध्यानी घेतल्यावाचून त्यातील क्षोभाचा उलगडा होत नाही. १९६५ साली नेमलेल्या इळैयापेरुमाळ समितीने अस्पृश्यांवरील अत्याचारांचा जो अहवाल तयार केला, तो १९७० साली संसदेपुढे येऊनही सरकारदप्तरी पडून राहिल्यासारखाच होता. १९७२ च्या उन्हाळ्यात, दुष्काळाच्या छायेत, परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे सवर्णांच्या विहिरीच्या पाण्यावरून दलित स्त्रियांना मारहाण करून विवस्त्र करण्यात आले. खुद्द पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात बावडा या गावी दलितांवर सामाजिक बहिष्कार पडला. फिर्याद गुदरावी तर पोलीसपाटील, सरपंच आणि सावकार एकमेकांचे आप्त. दाद मागावी तर तालुक्याच्या कचेरीपर्यंत जाणारी वाट त्याच गावातून जाणारी. अशा स्थितीत मुंबईत राजा ढाले, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आदी तरुणांनी दलित पँथर ही संघटना उभी केली. अमेरिकेतील ओकलंड येथे ऑक्टोबर १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून हे नाव घेतले होते, आणि ‘साधना’चा अंक निघाला तेव्हा संघटना अवघ्या काही आठवड्यांची होती.

ढाले यांच्या लेखाचा गाभा दोन दंडांच्या तुलनेत आहे. राष्ट्रध्वजाचा अवमान केल्यास तीनशे रुपये दंड आणि दलित स्त्रीची अब्रू घेतल्यास पन्नास रुपये, असा हिशेब मांडून त्यांनी असा ध्वज आमच्या काय कामाचा, असा प्रश्न केला, व त्यासरशी ध्वजाविषयी एक अत्यंत शिवराळ उद्गार काढला. पुढचा सारा गदारोळ त्या एका उद्गारावर माजला. वृत्तपत्रांतून निषेध झाले, ‘साधना’वर टीकेची झोड उठली, आणि ज्यांच्या स्वतंत्र वृत्तीविषयी कोणास शंका नव्हती अशा लेखिका दुर्गा भागवत यांनीही लेखाच्या भाषेवर कडक आक्षेप घेतला. ध्वजाच्या अवमानाने कळवळून उठलेल्या महाराष्ट्राने ब्राह्मणगावच्या वार्तेने तितके कळवळून उठायला हवे होते, आणि तो तसा उठला नाही, ही गोष्ट येथे स्पष्ट नमूद केली पाहिजे.

ढाले यांचे आकडे ही वक्तृत्वातील अतिशयोक्ती असल्याचे काहींना वाटेल. त्यांनी कायद्याचा पाठच उघडून पाहावा. राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानास प्रतिबंध करणारा अधिनियम नुकताच, १९७१ साली, झाला होता व त्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद होती. त्याच वेळी अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, १९५५ अन्वये कमाल शिक्षा सहा महिने कारावास किंवा पाचशे रुपये दंड, अथवा दोन्ही, एवढीच होती. आणि स्त्रीच्या विनयभंगासंबंधीच्या भारतीय दंडसंहितेच्या ३५४ व्या कलमात दोन वर्षांवर शिक्षा नव्हती, किंबहुना नुसता दंड करून सोडण्याची मुभा होती. म्हणजे ढाले ज्या विषमतेविषयी शिव्या देत होते, ती कायदेमंडळाच्या छापील कागदातच होती.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी या लेखाचे नाते केवळ संघटनेच्या नावापुरते नाही. गुलामगिरीतून सुटून आलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर येथे स्वातंत्र्यदिनाच्या उत्सवातच, हा दिवस गुलामाच्या दृष्टीने कोणता, असा प्रश्न श्रोत्यांपुढे उभा केला होता. ब्रुकलिनचा रहिवासी सिडनी स्ट्रीट हा दुसऱ्या महायुद्धात लढलेला कृष्णवर्णीय सैनिक. ६ जून १९६६ रोजी नागरी हक्कांचे कार्यकर्ते जेम्स मेरेडिथ यांना मिसिसिपीत गोळी लागल्याचे रेडिओवर ऐकताच त्याने सणावारी बाहेर लावण्यासाठी खणात नीट घडी करून ठेवलेला अठ्ठेचाळीस ताऱ्यांचा ध्वज काढला, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर जाऊन पेटविला. त्याच्यावर फौजदारी झाली. न्यूयॉर्कच्या न्यायालयांनी दोषी ठरविले, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली पाच विरुद्ध चार मतांनी ती दोषसिद्धी रद्द केली. त्याउलट ५ एप्रिल १९७६ रोजी बॉस्टनच्या नगरभवनापुढे, शाळांतील वर्णमिश्रणास विरोध करणाऱ्या गोऱ्या जमावातील एका तरुणाने राष्ट्रध्वजाची काठी भाल्यासारखी रोखून टेड लँड्समार्क या कृष्णवर्णीय वकिलावर चाल केली. स्टॅन्ली फोरमन यांनी टिपलेले ते छायाचित्र जगभर गेले. तो जमाव वर्णमिश्रणाच्या विरोधासाठी आला होता, आणि ध्वज त्याच्याच हाती होता.

स्थलांतरितांच्या बाबतीतही हाच न्याय दिसतो. २००६ च्या वसंतऋतूत लॉस एंजेलिस व अन्य शहरांत स्थलांतरितांच्या हक्कांसाठी लाखो लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा काहींच्या हाती मेक्सिकोचा ध्वज दिसताच त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेतली गेली, आणि नंतरच्या मोर्चांत अमेरिकी ध्वज आणण्याचे आवाहन आयोजकांना करावे लागले. सेंट पॅट्रिकच्या दिवशी न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत आयर्लंडचा तिरंगा फडकतो, त्याविषयी मात्र असा प्रश्न कोणी करीत नाही.

दलित व अमेरिकेतील कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्य पँथरांच्या आधीही ओळखले गेले होते. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ च्या जुलैच्या सुमारास कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली. 

‘साधना’तील लेखावरच्या वादानंतर दलित पँथरचे नाव महाराष्ट्रभर झाले. जानेवारी १९७४ मध्ये मुंबईत वरळी येथे पँथरच्या सभेवरून दंगल झाली. पुढे ढाले व ढसाळ यांच्यात मतभेद होऊन संघटना दुभंगली. कायद्यात मात्र बदल सावकाश झाला. १९७६ मध्ये १९५५ च्या अधिनियमाचे नाव बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले व किमान शिक्षा ठरली, तरी पहिल्या अपराधासाठी कारावासाची कमाल मर्यादा सहा महिन्यांवरून हलली नाही. अखेर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचे वस्त्र बळाने उतरविणे किंवा तिची विवस्त्र धिंड काढणे हा स्वतंत्र अपराध ठरविला, व त्यासाठी किमान सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कारावास ठेवला. हा अधिनियम ३० जानेवारी १९९० रोजी अंमलात आला.