समुद्राकडे पाठ करून : मुंबईच्या प्रेक्षणीय किनाऱ्याविषयी

गेटवे ऑफ इंडियासमोर छायाचित्र काढून घेणारा प्रत्येक जण शहराकडे तोंड करून उभा राहतो. कमान आणि समुद्र त्याच्या पाठीशी असतात. या वास्तूचे मूळ प्रयोजन मात्र नेमके उलट दिशेचे होते. बोटीतून उतरणाऱ्या राज्यकर्त्याच्या नजरेसाठी ती उभारली गेली. बांधणाऱ्याचा हेतू आणि पाहणाऱ्याने लावलेला अर्थ यांतील ही तफावत साहित्याच्या अभ्यासकाला परकी नाही. मुंबईचा किनारा वाचतानाही तिचा उपयोग होतो.

मुळात या जागेचे जुने नाव पालवा बंदर. त्याचे इंग्रजी तोंडी ‘अपोलो’ झाले. पुढे सरकारने दिलेले ‘वेलिंग्टन पिअर’ हे नाव मात्र कुणाच्या जिभेवर रुळले नाही. २ डिसेंबर १९११ रोजी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी येथे उतरले. त्या आगमनाचे स्मारक म्हणून बांधलेल्या कमानीची पायाभरणी ३१ मार्च १९१३ रोजी झाली आणि उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ रोजी. म्हणजे पाहुणा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी दरवाजा तयार झाला! जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने सोळाव्या शतकातील गुजराती वास्तुशैलीचा आधार घेऊन ती घडविली. परंतु इतिहासाने या दरवाजाचा अर्थच फिरविला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली आणि ब्रिटिश फौजेचे भारतातील वास्तव्य संपले. आगमनासाठी बांधलेली वास्तू आपल्या स्मरणात राहिली ती निर्गमनाची खूण म्हणून.

याच धक्क्यावरून घारापुरीच्या लाँची सुटतात. पोर्तुगिजांनी या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले ते तेथील भव्य दगडी हत्तीवरून. आज बेटावर लेणी आहेत, नावही आहे, हत्ती मात्र नाही. भग्न अवस्थेतील तो हत्ती १८६४ साली मुंबईत राणीच्या बागेत आणला गेला आणि १९१४ साली त्याचे तुकडे पुन्हा जोडले गेले. आज तो भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. नाव एकीकडे आणि नाव देणारी वस्तू दुसरीकडे, अशी ही ताटातूट. लाँचमधून उतरणाऱ्या प्रवाशाला तिची जाणीव क्वचितच असते.

शहराच्या पश्चिमेला मरीन ड्राइव्हची कथा याहून बोलकी आहे. बॅकबे बुजविण्याचा पहिला डाव १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात बुडाला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० नंतर, तो पुन्हा मांडला गेला. या योजनेतील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणणारे वकील म्हणजे खुर्शीद फ्रामजी नरिमन. त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. पुढे समुद्र हटवून मिळविलेल्या जमिनीलाच ‘नरिमन पॉइंट’ असे नाव पडले. भरावाच्या कारभारावर बोट ठेवणाऱ्याचे नाव भरावालाच मिळावे, यातील उपरोध तेथील कठड्यावर बसून सूर्यास्त पाहणाऱ्या किती जणांना जाणवत असेल? या रस्त्याकडेच्या आर्ट डेको इमारतींचा २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांच्या पायाखालची जमीन कशी आली, हा प्रश्न सौंदर्याच्या वर्णनात सहसा उमटत नाही.

याच रस्त्यावरील गिरगाव चौपाटी ही आज भेळेची आणि गणेशविसर्जनाची जागा. १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि याच पुळणीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. स्मशान नसलेली ही जागा जनसमुदायाने त्या दिवशी वेगळ्या अर्थाने आपली केली.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा यांपैकी कमान नव्हती, कठडा नव्हता आणि हत्ती अजून घारापुरीतच होता. तरीही त्यांचे शहर भरगच्च आहे, कारण त्यात देवळांबरोबर व्यापार आहे, रस्त्यांबरोबर जातीजमाती आहेत. पाहण्याजोगे काय, याबरोबरच तेथे राहते कोण, हेही त्यांना सांगायचे होते. नंतरच्या पर्यटनपुस्तिकांनी पहिला प्रश्न तेवढा ठेवला आणि दुसरा सोडून दिला.

तो प्रश्न आजही संपलेला नाही. किनारी रस्त्याचा पहिला टप्पा २०२४ साली खुला झाला. त्याचे काम चालू असताना वरळीच्या कोळ्यांनी, होड्यांना सुरक्षित ये-जा करता यावी म्हणून, पुलाच्या खांबांमधील अंतर वाढवून मागितले. दीर्घ विरोधानंतर ते साठ मीटरवरून एकशेवीस मीटर करण्यात आले. आपण ज्याला देखावा म्हणतो ती त्यांची वाट आहे. समुद्राकडे तोंड करून जगणाऱ्या या माणसांना वगळून केलेले मुंबईचे कोणतेही वर्णन, ते कितीही सुंदर असले तरी, अपुरेच राहील.